मान वळवायची परीक्षा

ट्रक पुढं न्यायला फारशी अक्कल लागत नाही. रस्ता असतो, तो जिकडं जाईल तिकडं जायचं. खरी अक्कल लागते ती मागं घ्यायला. आणि वर्षानुवर्षं ट्रकवर राहून, ट्रकवर जेवून, ट्रकवर झोपूनसुद्धा मला ट्रक मागं घेता येत नव्हता. हे सांगितलं की आजची ड्रायव्हर पोरं हसतात. हसू देत. त्यांना आमच्या वेळची रीत ठाऊक नाही.

रीत अशी होती. ट्रक मागं घ्यायचा म्हटलं की क्लीनरनं उडी मारून खाली उतरायचं, पळत गाडीच्या मागं जायचं आणि मागच्या फाळक्यावर पंजानं थापा मारत ओरडायचं, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या." थापा चालू आहेत तोवर ड्रायव्हरनं मागं येत राहायचं. एक जोरात थाप पडली आणि आवाज बंद झाला की ब्रेक. मी क्लीनर होतो. मोकळ्या रस्त्यावर उस्तादांनी मला कितीही स्टेअरिंग दिलं, तरी गाडी मागं घ्यायची वेळ आली की मी आपला खाली. हैदराबादच्या वाटेवर मी भरलेली गाडी सहज चालवायचो, पण गोदामाच्या दारात ती हातभरसुद्धा मागं घेतलेली नव्हती. घेणार कशी? गाडी जेव्हा जेव्हा मागं गेली, तेव्हा तेव्हा मी जमिनीवर होतो.

त्यात आमच्या उस्तादांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांची मान वळत नव्हती. मी गाडीवर यायच्या आधी कधीतरी, माल भरताना चादरींचा गठ्ठा वरून मानेवर कोसळला होता म्हणे. जिवावरचं मानेवर निभावलं, पण मान जी ताठ झाली ती कायमची. उजवीकडं बघायचं तरी सगळं अंग फिरवायला लागायचं, आणि स्टेअरिंगपुढं बसल्या जागी ते होत नसे. त्यामुळं बाकीचे ड्रायव्हर दार उघडून, बाहेर लोंबकळून मागं बघत, तसं आमच्याकडं काही नव्हतं. उस्ताद समोर बघत बसायचे आणि माझ्या थापांवर गाडी मागं घ्यायचे. अड्ड्यावर त्यांची चेष्टा चालायची. "उस्तादास्नी मागचं दिसत न्हाय, म्हून ते कुणाचं मागचं उकरून काढत न्हाईत," असं एक जण नेहमी म्हणायचा. उस्ताद हसून सोडून द्यायचे. ते मूळचे अक्कलकोटच्याही पलीकडचे, बोलण्यात कानडी मिसळलेलं. मी शेवटची थाप मारली की केबिनमधून विचारायचे, "साकु?" म्हणजे पुरे का. मी म्हणायचो, "साकु." माझं कानडी एवढंच.

मला आईवडील नव्हते. कुंभारीला चुलत्याचं घर होतं, पण मी तिथं गेलो की चुलती आधी विचारायची, परत कधी जाणार. म्हणून जाणंच सोडलं होतं. उस्तादांची बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. त्यांचं बिऱ्हाड म्हणजे एक ट्रंक आणि वळकटी, दोन्ही गाडीतच. ते केबिनमधल्या लांब सीटवर झोपायचे, मी वर मालावर, ताडपत्रीवर. रस्त्याच्या कडेला स्टोव्ह पेटवून चहा मी करायचो. कडक भाकरीचा गठ्ठा आणि शेंगाचटणीचा डबा सीटखाली असायचाच. आम्ही फार बोलायचो असंही नाही. कित्येकदा बार्शीपासून सोलापूरपर्यंत दोघांत एक शब्द व्हायचा नाही. पण ते गप्प बसणं वेगळं आणि एकटं बसणं वेगळं. दोन्हींतला फरक मला पुढं चांगला कळला.

दुष्काळ सरला होता आणि पेठेतला माल पुन्हा हलू लागला होता, तेव्हाची गोष्ट. गोदामाबाहेर हमाल गठ्ठे चढवत होते. उस्ताद चाकाला पाठ टेकून बिडी ओढत होते. मला म्हणाले, "मालक दुसरी गाडी घ्यायलेत. तिच्याव डायवर लागंल. तू हेवी लायसन काढ."

मी म्हटलं, "मग हितं तुमच्या मागं कोण?"

"दुसरा घेऊ की. क्लीनरचा काय दुष्काळ पडलाय व्हय?"

ते सहज बोलून गेले. मला मात्र त्या दिवशी चहा गोड लागला नाही. मला ड्रायव्हर व्हायचं होतं, अगदी पहिल्या दिवसापासून. क्लीनर म्हणून म्हातारी झालेली माणसं मी अड्ड्यावर बघितली होती. पांढऱ्या केसांच्या माणसाला कालचा ड्रायव्हर "ए, पाणी आण" म्हणून हाक मारायचा. तसं मला मरायचं नव्हतं. पण लायसन्स मिळालं की मी दुसऱ्या गाडीवर जाणार, आणि दुसरी गाडी म्हणजे दुसरं केबिन, दुसरे रस्ते. उस्ताद पुण्याला असताना मी हैदराबादला असणार. जगात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि तेच मला पुढं जा म्हणत होतं. राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी त्या दिवशी गाडी दोनदा धुतली.

परीक्षेत पुढं चालवून दाखवण्याची मला धास्ती नव्हती. धास्ती होती ती मैदानातल्या भागाची. चुन्याच्या दोन लांब रेघा मारलेल्या असायच्या, रेघांवर अंतराअंतरानं चुना फासलेले दगड उभे केलेले. त्या गल्लीत ट्रक मागून घालायचा, शेवटपर्यंत न्यायचा. दगड पडला की नापास. आणि मागं कुणी उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, फाळक्याला हात लावायचा नाही. हे मला समजलं तेव्हा मी उस्तादांना म्हटलं, "थापेबिगर गाडी मागं कशी जाईल?"

"जाती," उस्ताद म्हणाले. "मी दावतो."

माल उतरला की परतीचा माल मिळेपर्यंत गाडी रिकामी असायची. अशा वेळी आम्ही ती कुंभारीच्या माळावर न्यायला लागलो. चुन्याऐवजी राख, दगड माळावरचेच. मी स्टेअरिंगवर, उस्ताद शेजारी. त्यांनी मला त्यांची स्वतःची युक्ती शिकवली. कधी क्लीनर आजारी असला, कधी पळून गेला, तर ते काय करायचे, ती. गाडी आधी नीट रेघेत लावायची. मग समोर लांबवरची एक खूण धरायची, झाड म्हणा, देवळाचं शिखर म्हणा. ती खूण काचेच्या बरोबर मध्ये ठेवून मागं जायचं. खूण डावीकडं सरकली तर गाडी उजवीकडं वळली, खूण उजवीकडं गेली तर डावीकडं. खूण मध्ये असली की गाडी सरळ.

"मागं जाणाऱ्यानं म्होरं बघावं," उस्ताद म्हणाले. मला ते फार मोठं ज्ञान वाटलं.

माळावर समोर एक बाभळ होती. ती धरून मी गाडी मागं घ्यायला शिकलो. पहिल्यांदा दगड चिरडले, मग नुसते पडले, मग पडेनासे झाले. उस्ताद शेजारी ताठ बसून बाभळीकडं बघायचे, मीही ताठ बसून बाभळीकडं बघायचो. लांबून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही दोन माणसं झाडाच्या पाया पडायला आली आहेत आणि गाडी त्यांना मागं ओढतेय. उन्हाची वेळ, माळावर चिटपाखरू नाही. तो सगळा उन्हाळा आठवला की अजूनही मला बरं वाटतं, आणि लगेच वाईटही वाटतं.

परीक्षेच्या दिवशी मैदानात बऱ्याच गाड्या होत्या. उस्तादांनी गाडी आणून लावली आणि कडेच्या लिंबाखाली जाऊन बसले. परीक्षा घेणारे साहेब तरुण होते, हातात छडी, बोलणं शांत. माझी पाळी आली. मी गाडी नीट रेघेत लावली आणि समोर खूण शोधली. समोर झाड नव्हतं. लांबच लांब सारखी भिंत, तिच्यावर धरावं असं काही नाही. भिंतीपाशी कडब्यानं भरलेली एक बैलगाडी तेवढी उभी होती. बैल रवंथ करत होते, गाडीवान कुठं दिसत नव्हता. कडब्याचा शेंडा काचेच्या बरोबर मध्ये येत होता. मी ती खूण धरली.

रिव्हर्स टाकला, क्लच सोडला. गाडी सुरेख मागं चालली. खूण डावीकडं सरकली, मी स्टेअरिंग जरासं फिरवलं. आणखी सरकली, आणखी फिरवलं. मनात म्हटलं, आज गाडीला झालंय काय, अशी ओढते का? खूण सरकतच होती आणि मी तिच्यामागं स्टेअरिंग फिरवतच होतो. मागं काहीतरी कडकड वाजलं. पाठोपाठ लोक ओरडले. मी ब्रेक दाबला, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गाडीवान कडब्याच्या आड झोपलेला होता, तो उठला होता, आणि बैलगाडी आपल्या वाटेनं निघून चालली होती.

साहेब दाराशी आले. रागावलेले नव्हते, चकित झालेले होते. "अहो, तुम्हाला मागं जायचंय. तुम्ही पुढं काय बघताय?"

मी अजून समोरच बघत होतो.

"मान अवघडलीय का?"

"न्हाय, साहेब."

"मग वळवा की! मान वळवून मागं बघायचं असतं, एवढंही कुणी शिकवलं नाही?"

तुम्हाला खोटं वाटेल, पण हे मला खरंच कुणी शिकवलं नव्हतं. बाकीचे ड्रायव्हर मागं बघताना लांबून दिसायचे, पण आपणही मान वळवायची असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी ड्रायव्हर जवळून बघितला तो एकच, आणि तो ताठ बसायचा. मी तसाच बसलो. मला ती ड्रायव्हरची ऐट वाटायची.

लिंबाखाली सगळे हसत होते. "मागचं दिसत न्हाय" म्हणून चेष्टा करणारा अड्ड्यावरचा तो ड्रायव्हरही तिथं होता. तो उस्तादांना म्हणाला, "उस्ताद, शागीर्दाला सगळं दिलंत तुमी. मानबी दिलीत की!" सगळे पुन्हा हसले. या वेळी उस्ताद हसले नाहीत. उठले, गाडीत बसले आणि मी शेजारी बसल्यावर गाडी काढली.

परत आलो. गोदामाशी गाडी मागं घ्यायची वेळ आली. मी उडी मारून मागं गेलो, थापा मारल्या, शेवटची थाप मारली. गाडी थांबली. पण केबिनमधून "साकु?" आलं नाही. मी थोडा वेळ फाळक्याशी उभा राहिलो, मग आपणच म्हटलं, "साकु."

जेवताना मी भाकरीवर भाकरी खात होतो. खरं म्हणजे माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं. नापास झालो म्हणजे आणखी काही महिने तरी हेच केबिन, हीच ताडपत्री. उस्तादांनी माझ्याकडं तोंड केलं, म्हणजे सगळं अंग फिरवलं, आणि म्हणाले, "नापास झाल्याव भाकरी एवढी गोड लागती व्हय रं?"

मी हातातली भाकरी खाली ठेवली. या माणसाला मागचं दिसत नसेल, पण समोरचं सगळं दिसत होतं.

पुढचे काही दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत. मग एकदा पुण्याचा माल उतरवून आलो आणि त्यांनी न सांगता गाडी कुंभारीकडं वळवली. माळावर आल्यावर मी दगड मांडले, राखेच्या रेघा ओढल्या. वर चढून बसलो तर उस्ताद शेजारी नव्हते. ते गाडीला वळसा घालून मागं चालले होते. सावकाश, एक हात हौद्याच्या फळ्यांवरून फिरवत. गल्लीच्या अगदी टोकाला जाऊन दोन रेघांच्या मध्ये उभे राहिले.

तिथून ओरडले, "मी हितं हुबा हाय. आता आवाज देणार न्हाय. थापबी मारणार न्हाय. हलणारबी न्हाय. ये."

मी ओरडलो, "उस्ताद, कायतरी काय! बाजूला व्हा."

"मला चिरडायचं नसंल तर वळून बघ."

मी बसून राहिलो. इंजिन चालू होतं, समोर ती बाभळ, काचेच्या बरोबर मध्ये. तिच्याकडं बघून गाडी मागं नेली असती तर कदाचित बरोबर गेलीही असती. पण मागं माणूस उभा आहे आणि आपण झाडाकडं बघतोय, हे होईना. मी दार उघडलं, एक हात चौकटीला धरला आणि अर्धा बाहेर झुकून मान वळवली. मान दुखली. इतक्या लांब, इतक्या मागं मी स्टेअरिंगवरून कधी बघितलंच नव्हतं.

उस्ताद हात पाठीमागं बांधून उभे होते. पायजमा, वर मळकी बंडी, डोक्याला पंचा. तोंड समोर फाळक्याकडं, कारण दुसरीकडं करताच येत नव्हतं. आणि मला पहिल्यांदा दिसलं की ते केवढेसे आहेत. इतकी वर्षं मी त्या जागेवरून त्यांच्याकडं बघत आलो होतो. तिथून मला खिडकीबाहेर आलेला त्यांचा कोपर तेवढा दिसायचा. आज मी कोपराच्या जागी होतो आणि ते माझ्या जागी. म्हातारा माणूस, उन्हात एकटा, माझ्या भरवशावर उभा. मी क्लच सोडला.

पहिल्या वेळी मी त्यांच्यापासून बराच लांब थांबलो. ते पुढं चालत आले, फाळक्यापासून त्यांच्या जागेपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं, आणि परत जागेवर जाऊन उभे राहिले. म्हणजे पुन्हा. दुसऱ्या वेळीही मी लांबच थांबलो. पुन्हा मोजलं, पुन्हा उभे. तिसऱ्यांदा एक दगड पडला. त्यांनी तो उचलून जागेवर ठेवला. मला ओरडायचं होतं की बास, मला नको लायसन्स. ओरडलो नाही, कारण ओरडलो असतो तरी ते हलले नसते. संध्याकाळपर्यंत मी फाळका त्यांच्यापासून हातभर अंतरावर आणून थांबवायला लागलो, आणि दगड सगळे उभे. मान वळवून मागं बघता बघता पुढचं चाक कुठं आहे ते आपोआप कळायला लागलं, हे कसं ते मला अजून सांगता येत नाही.

परतल्यावर माझी मान इतकी आखडली की डोक्याचा पंचा सोडता येईना. उस्तादांनी खोबरेल काढलं, मला चाकाशी बसवलं आणि मागं बसून मान चोळली. त्यांचे अंगठे खरखरीत होते. मी कण्हलो तर म्हणाले, "दुखतीया म्हंजी वळतीया. आमची दुखतबी न्हाय आता."

त्यांच्या मानेबद्दल त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकच वाक्य.

दुसऱ्यांदा परीक्षेला गेलो तेव्हा साहेब तेच होते. मला ओळखून म्हणाले, "आज बैलगाडी नाही हं." मी गाडी रेघेत लावली, दार उघडलं, मान वळवली. गल्ली मोकळी होती. दोन्हीकडं पांढरे दगड, मध्ये नुसती माती, आणि टोकाला कुणी नाही. माळावर इतके दिवस तिथं उस्ताद असायचे. मला एकदम भीती वाटली. दगडांची नव्हे, त्या मोकळ्या जागेची. वाटलं, कुणासाठी थांबायचं? मग तिथं ते आहेत असंच धरलं, आणि हातभर अलीकडं थांबलो. साहेब गाडीभोवती फिरून आले आणि कागदावर सही केली.

उस्ताद लिंबाखाली उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, एकच, जोरात. मग म्हणाले, मालाचं बघायचंय, आणि गाडी घेऊन पुढं गेले. मला म्हणाले, तू लायसन्सचं पुस्तक घेऊन सावकाश ये.

त्याच दिवशी दुपारी पुस्तक हातात पडलं तेव्हा मी नवी पेठेत जाऊन पेढे घेतले. पेढे वाटायला माणसं लागतात, हे पेढे हातात आल्यावर कळलं. पेठेत मुंगीला वाट नव्हती, आणि त्या गर्दीत मला नावानं हाक मारेल असं एक माणूस नव्हतं. म्हणून मी सगळा पुडा उस्तादांकडं न्यायचं ठरवलं. त्यांना गोड आवडायचं.

गोदामाशी गाडी उभी होती. केबिनचं दार उघडलं तर सीटखालची ट्रंक नव्हती. वळकटी नव्हती. भाकरीचा गठ्ठा आणि चटणीचा डबा होता, तो माझ्यासाठी ठेवलेला. मी मालकांकडं धावलो. ते पेढीवर बसले होते. किल्ली पुढं करून म्हणाले, "ये, ड्रायव्हर. परवा पुण्याचा माल आहे."

मी विचारलं, "उस्ताद?"

"गेले सकाळी. पुतण्याकडं, गावी. तुला बोलले नाहीत?"

"आन् दुसरी गाडी?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. "कुठली दुसरी गाडी? आहे तीच चालवताना नाकी नऊ येतात. उस्तादांनीच सांगितलं होतं, पोरगा पास झाला की मी उतरतो, गाडी त्याला द्या. पास होईपर्यंत दुसरा कुणी ठेवू नका म्हणाले."

मी पेढ्यांचा पुडा हमालांपुढं ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो. मला रडू आलं नाही, राग आला. असा राग मला आयुष्यात पुन्हा कुणाचा आला नाही. मला गाडी हवी होती, ही गाडी नको होती. माणूस स्वतःच्या जागेवरून उठतो, दुसऱ्याला बसवतो, आणि सांगतही नाही? मी स्टेअरिंगवर दोन्ही मुठी आपटल्या. हमाल पेढे खात माझ्याकडं बघत होते.

लांब सीट आता माझी होती. पण पुढं कित्येक दिवस मी वर ताडपत्रीवरच झोपलो. सीटवर झोपायला गेलो की कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटायचं. मालकांनी दिलेला क्लीनर वयानं माझ्याहून मोठा, बडबड्या, बायकापोरांच्या गोष्टी सांगणारा. त्याचं घर होतं, सोलापुरात गाडी आली की तो घरी जायचा. गाडी मागं घेताना तो रीतीप्रमाणं मागं जाऊन थापा मारायचा आणि मी मान वळवून मागं बघायचो. त्याला ते लागायचं. "माजा इस्वास न्हाय व्हय?" म्हणायचा. मी त्याला काय सांगणार? थापा ऐकून गाडी मागं घ्यायची तर मागच्या माणसाला जीव लावावा लागतो, आणि तो मला आता कुणाला लावायचा नव्हता.

मध्ये कितीतरी महिने गेले. मी मुद्दाम तिकडचा माल घ्यायचा टाळत होतो. राग होता. पण एकदा अक्कलकोटच्या पलीकडचा माल गळ्यात पडला, आणि उतरवायचं गाव उस्तादांच्याच गावाला लागून होतं. हमालांना गाडी रिकामी करायला लावून मी चालत गेलो.

उस्ताद पुतण्याच्या घराबाहेर ओट्यावर बसले होते. आत बायामाणसं भराभर कानडीत बोलत होती. त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. मी मागून आलो होतो, त्यामुळं वळसा घालून समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"गाडी कुटं?"

"शेजारच्या गावात. माल उतरतुया."

"कुणी लावली?"

"मीच."

ते खूश झालेले दिसले. मी शेजारी बसलो. खूप वेळ आम्ही दोघं गप्प होतो, पहिल्यासारखंच. विचारलं, "हितं करमतंय का?" त्यांनी बिडी पेटवली. मग मला राहवलं नाही. इतक्या महिन्यांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. म्हटलं, "दुसरी गाडी न्हवतीच. मला म्हाईत असतं तर मी मुद्दाम दगड पाडला असता. एक दगड. काय अवघड हुतं?"

"म्हून तर सांगितलं न्हाय," उस्ताद म्हणाले.

"आन् तरीबी पडला असता तर?"

"तर तिसऱ्यांदा बसवला असता."

उस्तादांनी माझा हात हातात घेतला, आणि हमालांनी पाठवलेला माणूस मला शोधत येईपर्यंत सोडला नाही.